गाडीतला उजेड आणि शहराचा उजेड
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा डोकावत होता. आलिशान गाडी घरची असो वा भाड्याची, तिच्यातून रात्रीचे मोठे शहर पाहायचे तर ते कुठे, कोणत्या वेळी आणि कसे पाहावे, असे बहुतेकांनी विचारले आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या सोलापुरात, रात्रीचे जेवण झाल्यावर ‘एक चक्कर मारून येऊ’ म्हणणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. तेव्हा मोटार बदलली तरी हौस तीच आहे, असे समजून निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत माझ्या आई-वडिलांच्या लग्नाला 40 वर्षे पूर्ण होतात. दोघांनीही मुंबई पाहिली आहे, पण ती लोकलच्या दारातून आणि रुग्णालयाच्या येरझाऱ्यांत. त्यांना एका रात्रीपुरती चालकासह मोठी गाडी करून द्यावी आणि निवांतपणे मुंबई दाखवावी, अशी आम्हा भावंडांची इच्छा आहे. मार्ग कोणता ठेवावा? गाडी सोलापूरहूनच न्यावी का?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : गाडी सोलापूरहून नेऊ नये. सुमारे 400 किलोमीटर गाडी हाकून आलेल्या चालकाला त्याच रात्री पुन्हा मुंबईत फिरवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे आणि मागे बसलेल्यांसाठी धोक्याचेही आहे. आई-वडिलांना सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचू द्यावे, किंवा फेब्रुवारी 2023 पासून सुरू झालेल्या वंदे भारतने सकाळी निघून साधारण साडेसहा तासांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठू द्यावे. दुपारी त्यांना झोप घेऊ द्यावी आणि गाडी मात्र मुंबईतलीच, मुंबईतल्या चालकासह ठरवावी. दिवस सोमवार ते गुरुवारमधला असावा आणि निघण्याची वेळ रात्री दहाच्या सुमारास असावी. त्याआधी निघाल्यास निम्मा वेळ पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे पाहण्यात जातो.

मार्ग सांगण्यापूर्वी एक साधी गोष्ट सांगतो, कारण ती बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. रात्री समुद्र दिसत नाही. दिवसा समुद्राच्या बाजूची खिडकी मिळावी म्हणून आपण धडपडतो, पण रात्री त्या खिडकीत काळोखाखेरीज फारसे काही नसते. दिवे जमिनीवर असतात. त्यामुळे सफरीची सुरुवात वांद्र्याहून करून दक्षिणेकडे यावे. 2009 मध्ये खुला झालेला वांद्रे–वरळी सागरी सेतू 5.6 किलोमीटर लांबीचा आहे आणि दक्षिणेकडे जाताना माहीमची खाडी, दादर-शिवाजी पार्कचा किनारा आणि वरळीच्या उंच इमारती डाव्या हाताला व समोर राहतात. चालकाची गाडी असल्यास मानाची जागा मागची डावी मानली जाते. ती आईला द्यावी. वडिलांना काय दिसते, हे आई त्यांना सांगेलच.

सेतू संपताच गाडी थेट सागरी किनारा मार्गावर येते, ज्याला सगळेजण कोस्टल रोड म्हणतात. त्याचा पहिला टप्पा मार्च 2024 मध्ये सुरू झाला. हाजीअलीचा दर्गा येथे उजव्या बाजूला पडतो, तेवढ्यापुरती वडिलांची पाळी. पुढे मलबार हिलच्या पोटातून जाणारा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा लागतो आणि तो संपला की गाडी मरीन ड्राइव्हवर बाहेर पडते. बोगद्यातल्या एकसुरी पांढऱ्या प्रकाशातून एकदम त्या पिवळसर दिव्यांच्या कमानीत येण्याचा जो क्षण आहे, त्याच्यासाठी मी हा मार्ग याच दिशेने सुचवतो आहे. सेतूवर व किनारा मार्गावर गाडी थांबवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर ‘जरा एक फोटो’ म्हणून चालकाला गळ घातली जाते आणि दंड त्याच्या माथी बसतो.

मरीन ड्राइव्ह मात्र दोनदा पाहावा. सुमारे 3.6 किलोमीटरच्या या रस्त्याने नरिमन पॉइंटकडे जाताना डाव्या खिडकीत गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या, जहाजासारख्या दिसणाऱ्या आर्ट डेको इमारती येतात. या आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. नरिमन पॉइंटला वळून उत्तरेकडे परतताना गाडी समुद्राच्या कडेने चालते आणि गिरगाव चौपाटीपर्यंतचा दिव्यांचा पूर्ण बाक समोर उलगडतो. ‘राणीचा हार’ म्हणतात तो हाच. 2015 मध्ये येथले जुने सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले, तेव्हा हाराचे सोने जाऊन चांदी आली अशी ओरड झाली आणि पुढे पुन्हा उबदार पिवळसर छटेचे दिवे आणावे लागले. दिव्याच्या रंगावरून एवढे भांडण होते, यावरून या रस्त्यात माणसे नक्की काय पाहायला येतात ते कळते.

चौपाटीवर उतरून कुल्फी खावी, चार पावले चालावे, आणि परत येताना चर्चगेटजवळ वीर नरिमन मार्गाला वळून हुतात्मा चौकामार्गे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी सफर संपवावी. हे स्थानक आणि समोरची महापालिकेची इमारत यांचा वास्तुरचनाकार एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. त्याच दिवशी याच स्थानकात उतरलेल्या माणसांना रात्री तीच इमारत प्रकाशात न्हालेली दाखवण्यात एक गंमत आहे. अटल सेतूचा मोह मात्र टाळावा. 21.8 किलोमीटरचा तो पूल अभियांत्रिकीचे मोठे काम आहे, पण रात्री दोन्ही बाजूंना काळोख आणि समोर सरळ रस्ता, यात वयस्कर माणसांचा डोळा लागतो, असा माझा अनुभव आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी ठरवताना मॉडेल आणि भाडे विचाराल त्याबरोबरच, ‘आतले रंगीत दिवे पूर्ण बंद होतात का?’ हेही विचारा. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे अशाच सफरीला गेलो होतो. गाडी उत्तम होती, आसने उत्तम होती, चालक अदबशीर होता. पण दारांच्या कडेने, पायांशी आणि छताभोवती गुलाबी उजेडाची पट्टी फिरत होती, पुढच्या दोन आसनांच्या पाठीवर दोन पडदे सुरू होते आणि ते कसे बंद करायचे, हे चालकाला ठाऊक नव्हते, कारण गाडी त्याच्याकडे त्याच दिवशी आली होती. चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत मी काचेत माझाच गुलाबी चेहरा पाहत होतो. शेवटी सौभाग्यवतींनी पदर डोक्यावरून घेऊन काचेला टेकवला, त्या छोट्याशा तंबूत डोके घातले आणि म्हणाल्या, ‘‘अहो, बाहेर तर केवढं सुंदर आहे!’’ भाड्याच्या पैशांपैकी वसूल झाले ते तेवढेच.

याचे कारण सोपे आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण 8 टक्के. दिवसा बाहेरच्या झगझगाटापुढे हे परावर्तन जाणवत नाही. रात्री मात्र आत उजेड आणि बाहेर मंद दिवे अशी स्थिती झाली, की तेच 8 टक्के बाहेरच्या दृश्यावर मात करतात आणि खिडकीचा आरसा होतो. घरातल्या दिवाणखान्यात बसून अंगणातला काळोख पाहण्याचा प्रयत्न करून पाहा, लगेच पटेल. आलिशान गाड्यांत आतल्या रोषणाईवर कंपन्या फार मेहनत घेतात. काही गाड्यांच्या छतात तर प्रकाशतंतूंनी चांदण्या विणलेल्या असतात. पोर्चमध्ये उभ्या गाडीत त्या पाहण्यास हरकत नाही.

प्रश्न : मी 66 वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. मुलाने घेतलेली मोठी गाडी दिवसा मी व्यवस्थित चालवतो. पण रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनी काही क्षण अक्षरशः काही दिसत नाही. पिवळ्या काचेचा चष्मा घ्यावा असे एकाने सुचवले. घ्यावा का?
— एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : गुरुजी, घेऊ नये. पिवळी काच डोळ्यांत शिरणारा एकूण उजेड कमी करते आणि रात्री आपल्याला टंचाई उजेडाचीच असते. साठीच्या डोळ्याची बाहुली पूर्वीसारखी मोठी उघडत नाही आणि भिंगही काहीसे पिवळट झालेले असते, त्यामुळे दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच उरतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर समोरचा दिवा ठिपक्यासारखा न दिसता फुटल्यासारखा, किरणे पसरल्यासारखा दिसतो. आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, आणि नंबर असल्यास परावर्तन रोखणाऱ्या लेपाचा साधा, बिनरंगी चष्मा घ्यावा.

दुसरा उपाय फुकटचा आहे. गाडीची पुढची काच बाहेरून सर्वजण पुसतात, आतून क्वचितच कोणी पुसते. नव्या गाडीत उन्हाने तापलेल्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूवर बसते आणि तिचा एक पातळ, तेलकट थर तयार होतो. सोलापूरच्या उन्हात तर तो फारच लवकर होतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरचा दिवा त्यावर पडला की सगळी काच दुधाळ होते. जुना, पुष्कळ वेळा धुतलेला सुती पंचा घ्यावा, पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर मिसळून तो ओला करावा, घट्ट पिळावा, आणि काच आधी आडवी व मग कोरड्या पंचाने उभी पुसावी. नवा टॉवेल वापरू नये, त्याचे तंतू काचेला चिकटतात. सोलापुरी टॉवेलचा अभिमान बाजूला ठेवूनच हे लिहितो आहे.

गाडी चालवताना समोरच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवावी. डॅशबोर्डचा मोठा पडदा रात्रीच्या काळ्या स्वरूपात आणून अगदी मंद करावा. डोळा अंधाराला पुरता सरावण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात आणि नकाशा पाहण्यासाठी लावलेला लखलखीत पडदा ती कमाई क्षणात घालवतो. आपल्या गाडीत समोरच्या वाहनापुरता झोत आपोआप कापणारे दिवे असतील तर ते जरूर वापरावेत, मात्र त्यांच्यावर विसंबून डिपर विसरू नये. वळणावर किंवा चढावर यंत्राला समोरची गाडी उशिरा कळते. आणि नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू झाला, की शहराबाहेरच्या रस्त्यांवर रात्री जाणे शक्यतो टाळावेच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, असा उसाचा ट्रॅक्टर अंधारातून समोर उगवतो, तेव्हा कोणत्याही किमतीच्या गाडीचे दिवे अपुरे पडतात.

प्रश्न : मित्राच्या ओळखीतून पुण्यात एक जर्मन बनावटीची गाडी स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळत आहे. भाडे बाजारापेक्षा बरेच कमी आहे. गाडीला पांढरी पाटी आहे. घ्यावी का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याच्या परवानाधारक गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते; तिच्यावरची अक्षरे पांढरी असतील तर ती खासगी आणि पिवळी असतील तर भाड्याची. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापरासाठी नोंदलेली असते, आणि भाड्याने दिलेली असताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा फेटाळू शकते. त्या गाडीची एक हेडलाइट फुटली तरी तिच्या किमतीत आपल्याकडे दुचाकी येते, हे लक्षात घेतले तर भाड्यातली बचत फार दिसणार नाही.

ताबा घेताना काचांकडेही पाहावे. पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मविरुद्ध कडक आदेश दिले होते. काळी फिल्म लावलेल्या गाडीतून रात्रीचे शहर पाहणे म्हणजे गॉगल लावून चांदणे पाहण्यासारखे आहे, आणि वर दंडही आपणच भरायचा.

प्रश्न : आमचे घराणे मूळचे तेलंगणातले. सोलापूरच्या पूर्व भागात आमची चौथी पिढी आहे. हैदराबादला नातेवाईक आहेत, तिथल्या मेव्हण्याने नवी आलिशान गाडी घेतली असून ‘रात्री हैदराबाद दाखवतो’ म्हणून तो मागे लागला आहे. तो ताशी शंभरच्या खाली गाडी चालवत नाही, ही माझी अडचण आहे. काय पाहावे आणि त्याला कसे आवरावे?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : मेव्हण्याला आवरणे या सदराच्या कक्षेबाहेरचे आहे, तरी मार्गच असा निवडता येईल की वेग घेण्यास जागा राहणार नाही. बाह्यवळण रिंग रोडचे नाव काढू देऊ नका. 158 किलोमीटरचा तो रस्ता त्याच्यासारख्यांसाठीच मोह आहे आणि तेथून शहर दिसत नाही. त्याऐवजी हुसेनसागर तलावाभोवती फिरा. टँक बंडवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या रस्त्यावरून, जाताना पाण्याच्या मधोमध 18 मीटर उंचीची एकसंध दगडात घडवलेली बुद्धमूर्ती दिसते. ही मूर्ती 1990 मध्ये तराफ्यावरून नेताना तलावात बुडाली, त्या दुर्घटनेत माणसेही दगावली, आणि मूर्ती वर काढून 1992 मध्ये उभी करण्यात आली. पुढे 2023 मध्ये सुरू झालेले नवे सचिवालय त्याच्या घुमटांसह उजळलेले असते आणि त्याची छाया पाण्यात पडते. वारा नसेल त्या रात्री ती छाया मूळ इमारतीपेक्षा देखणी दिसते, असे माझे मत आहे.

मग दुर्गम चेरुवूवरच्या तारांच्या पुलावरून हायटेक सिटीकडे जावे. हा पूल सप्टेंबर 2020 मध्ये खुला झाला आणि त्याच्या तारांवर रंगीत रोषणाई असते. पुलावर थांबायला मनाई आहे, पण हळू जाता येते. मेव्हण्याला एवढेच सांगा की पूल ताशी 40 च्या वेगाने ओलांडला तर दुसऱ्यांदा ओलांडू. चारमिनारला गाडी नेण्याचा हट्ट करू नये. 1591 ची ती वास्तू पायीच पाहायची आहे, आणि रमजानच्या रात्री तर त्या गर्दीत आलिशान गाडीची अवस्था मांडवात शिरलेल्या हत्तीसारखी होते.

सोलापूर ते हैदराबाद हे सुमारे 300 किलोमीटर अंतर मात्र दिवसा कापावे.

प्रश्न : रात्रीच्या फेरीत मुले सनरूफमधून उभी राहिली तर चालेल का? त्यांना फार आवडते.
— एक वाचिका, होटगी रोड

उत्तर : चालणार नाही. अचानक ब्रेक लागला तर छताची कड मुलाच्या छातीवर बसते, आणि रात्री रस्त्यावर आडवी लोंबणारी केबल किंवा मिरवणुकीच्या पताकांची दोरी चालकाला दिसत नाही. सनरूफ झाकण सरकवून बंद काचेतून वर पाहण्यासाठी आहे. मागच्या आसनावर मुलांना पट्टा लावून थोडे रेलून बसवावे, सागरी सेतूच्या तारा वरून सरकताना त्यांना तशाही दिसतील.

प्रश्न : मुंबई-हैदराबादविषयी सगळेच लिहितात. आमच्याकडे नुकतीच मोठी गाडी आली आहे आणि बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना रात्री कुठे फिरवायचे, हा प्रश्न पडतो. ‘सोलापुरात रात्री काय बघायचं?’ असे मित्र हसून विचारतात. खरेच काही आहे का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : आहे, फक्त त्यासाठी एक तास पुरेसा आहे आणि गाडीतून दोनदा उतरण्याची तयारी हवी. आपल्या शहरात मरीन ड्राइव्हसारखा एक सलग देखावा नाही. तुकडे आहेत, आणि ते जोडणारा रस्ता तुम्हाला निवडायचा आहे.

रात्री साडेनऊनंतर सात रस्त्यावरून निघावे, रंगभवनावरून डफरीन चौकात यावे आणि पार्क चौकाकडे वळावे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गाडी हळू करावी. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. पाहुण्यांना हे सांगण्यासाठी थांबावेच लागते, असे मला तरी वाटते. तेथून भुईकोट किल्ल्याची तटबंदी जवळच आहे. दिवसा या तटाशेजारून आपण रोज जातो आणि पाहत नाही. रात्री रस्त्यावरचा दिवा बुरुजाच्या दगडांवर तिरका पडतो, तेव्हा दगडांच्या सांध्यांत सावल्या भरतात आणि तट दुप्पट जाड दिसू लागतो.

मग सिद्धेश्वर तलाव. येथे पहिल्यांदा उतरावे. गाडीतून पाण्याचा अर्धाच भाग दिसतो. गणपती घाटाच्या बाजूला चार पावले चालत गेले, की पाण्याच्या मध्यभागी मंदिर आणि त्याखाली त्याचेच दिवे पाण्यात उलटे लांबलेले दिसतात. एखादा मासा वर आला की त्या उलट्या दिव्यांच्या रेघा मोडतात आणि पुन्हा जुळायला थोडा वेळ लागतो. माझ्या एका पाहुण्याने येथे घड्याळ न पाहता पाऊण तास काढला होता, आणि तो रोज समुद्रकिनाऱ्यावर फिरणारा मुंबईकर होता.

संक्रांतीच्या गड्डा यात्रेत मात्र या भागात गाडी आणूच नये. होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते त्या रात्री तर चालायलाही वाट मिळत नाही, आणि ते पाहण्याची मजा गर्दीत उभे राहूनच आहे.

दुसऱ्यांदा उतरायचे ते पूर्व भागात, किंवा उतरला नाहीत तरी काच पूर्ण खाली करायची. यंत्रमागाच्या गल्ल्यांत मोठी गाडी घालण्याचे धाडस करू नये, ती वळणार नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी करावी आणि इंजिन बंद करावे. आलिशान गाडीच्या दुपदरी काचा बाहेरचा आवाज इतका अडवतात, की काच वर असेपर्यंत आपण कुठल्या भागात आलो आहोत हेच समजत नाही. काच खाली गेली, की एखाद्या शेडमधून धोट्याची खटखट ऐकू येते, आणि उघड्या दारातून ट्यूबलाइटच्या उजेडात टॉवेलचे किंवा चादरीचे कापड इंचाइंचाने पुढे सरकताना दिसते. चेन्नई किंवा दिल्लीच्या दुकानात घडी करून ठेवलेला सोलापुरी माल येथे अजून मागावर आहे, हे पाहुण्यांना दाखवण्यासारखे आहे. आत जायचे असेल तर आधी विचारावे. कामगार कामात असतो आणि आपण हौसेला निघालेले असतो.

शेवटी पार्क चौकाच्या आसपासच्या गाड्यांवर काहीतरी गरम खाऊन परतावे. चांदणी रात्र असेल आणि अंगात उत्साह उरला असेल तर तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाता येते. तेथे रोषणाई नाही, चंद्र हवा. पण नेमकी कोजागिरीची रात्र साधून हा बेत करू नका. त्या रात्री सोलापूरहून तुळजापूरकडे चालत निघालेल्या भाविकांनी हा सगळा रस्ता भरलेला असतो आणि वाहतूक वळवलेली असते. त्या रात्री गाडी घरी ठेवून त्यांच्यात मिसळावे, हे जास्त बरे.

गतिरोधकांविषयी एक सूचना. आपल्याकडचे गतिरोधक अशा गाड्यांची उंची विचारात घेऊन केलेले नाहीत. गाडी उंच करण्याची सोय असेल तर ती घरातून निघतानाच वापरा; खालचा भाग घासल्याचा आवाज झाल्यावर पाहुण्यांशी हसून बोलणे अवघड जाते.

प्रश्न : चालत्या गाडीतून रात्री मोबाइलने काढलेली छायाचित्रे नेहमी हललेली येतात. इतका महाग फोन असूनही असे का?
— एक वाचक, नवी पेठ

उत्तर : अंधारात फोनचे ‘नाइट’ स्वरूप प्रकाश गोळा करण्यासाठी शटर बराच वेळ उघडे ठेवते, तेवढ्या वेळात ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर पुढे गेलेली असते. ते स्वरूप बंद करावे, फोन काचेला अगदी टेकवून धरावा म्हणजे आतले प्रतिबिंब येणार नाही, आणि सिग्नलला गाडी थांबेल तेव्हाच बटण दाबावे. गाडी चालवणाऱ्याने हे करायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाश निळे असते आणि दिवेही लागलेले असतात. तेव्हा काढलेले चित्र रात्री अकराच्या चित्रापेक्षा नेहमी सरस येते. पावसाची एक सर येऊन गेलेली असेल तर ओल्या डांबरावर प्रत्येक दिवा दुसऱ्यांदा दिसतो. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे अशा सरी येतात. त्या आठवड्यात डफरीन चौकात सिग्नलला थांबाल तेव्हा फोन हाताशी ठेवा, आणि चित्र चांगले आले तर या सदराकडे पाठवा.